घाटाखालचा उन्हाळा आणि लॅपटॉपमधली एसएसडी

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा कागदावर एकसंध दिसत असला, तरी या जिल्ह्यात राहणारा मनुष्य आपल्या मुलखाचे मनातल्या मनात दोन भाग पाडतो, आणि सोयरीक असो, पीकपाणी असो की नोकरीतली बदली असो, गाव घाटावरचे की घाटाखालचे, एवढी चौकशी झाल्यावाचून त्याचे पुढचे बोलणे सुरू होत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले बुलढाणा शहर आणि त्याच पठाराचा आश्रय केलेले चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके एकीकडे; राजूरचा घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्याकडे निघाले म्हणजे लागणारे मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके दुसरीकडे. वऱ्हाडच्या जुन्या दप्तरांत बालाघाट आणि पायनघाट या नावांनी हा भेद नोंदलेला आहे. मे महिन्यात घाटाखाली पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि सूर्य मावळल्यावरही भिंती तापलेल्याच राहतात, तेव्हा घाटमाथ्यावरची हवा निदान रात्रीपुरती तरी माणसाला सोसवते. शेतकऱ्याला, डॉक्टरला किंवा रसवंतीवाल्याला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. परंतु खेळांसाठी घेतलेल्या लॅपटॉपमध्ये जास्तीची एसएसडी बसवू पाहणाऱ्या तरुणाने आणि ती त्याला विकणाऱ्या दुकानदारानेही तो ध्यानात घेतला पाहिजे, असे माझे मत आहे, आणि ते का, हे यथावकाश स्पष्ट करावयाचे आहे.

असे लॅपटॉप जिल्ह्यात आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये निघाले. पुढे चिखली, मलकापूर, बुलढाणा येथेही अभियांत्रिकी शिक्षणाची सोय झाली, आणि त्या शिक्षणाच्या निमित्ताने बळकट यंत्रे घरोघर आली. वडिलांपुढे मागणी मांडताना प्रोजेक्टचे कारण सांगावयाचे आणि दुकानात निवड करताना मात्र नजर ग्राफिक्स कार्डावर ठेवावयाची, ही विद्यार्थ्यांची रीत सर्वत्र सारखीच आहे. तिला लबाडी म्हणवत नाही, कारण ज्या यंत्रावर त्रिमितीय आराखडे सुरळीत फिरतात त्याच यंत्रावर खेळही सुरळीत चालतात. अडचण उद्भवते ती जागेची. खोक्यावर ५१२ जीबी असे छापलेले असते. विंडोज त्याच साठवणीचे ४७६ जीबी दाखवते, कारण कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने. त्यातून विंडोजचा स्वतःचा संसार, अभ्यासक्रमाची सॉफ्टवेअरे आणि कंपनीने राखून ठेवलेला विभाग वजा जाता जे उरते, त्यात आजचे मोठे खेळ, ज्यांतील कित्येक एकेकटे शंभर जीबीहून अधिक जागा अडवतात, दोन-तीनच मावतात. मग साठवणीची पट्टी लाल होते आणि खामगावच्या किंवा मलकापूरच्या एखाद्या दुकानाच्या काउंटरवर पुढील संवाद घडतो.

“काका, याच्यात अजून एक एसएसडी टाकता येते का?”

“येते ना भाऊ. पण आधी खोलून पाहा लागते.”

हे उत्तर बरोबर आहे, आणि खोलून पाहण्यापूर्वीच किंमत सांगणाऱ्या दुकानदारापेक्षा असे उत्तर देणाऱ्याकडे गिऱ्हाइकाने जावे. मात्र काय पाहावयाचे, हे कळण्यासाठी या जिनसाची थोडी पूर्वपीठिका ठाऊक असलेली बरी.

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये फिरत्या तबकड्यांवर माहिती साठवणारे जे पहिले यंत्र बाजारात आणले, त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. पुढच्या साठ वर्षांत तबकडी तळहातावर मावेल एवढी लहान झाली आणि तिच्यावरील मजकूर लाखो पटींच्या हिशेबात वाढला, तथापि तिच्या कार्यपद्धतीतला मूळ दोष गेला नाही. लॅपटॉपमधली सामान्य हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात; हवी असलेली जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरीने अर्धा फेरा वाट पाहणे भाग असते, आणि त्याआधी ते टोक धारण करणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकावा लागतो, त्यालाही साधारण तेवढाच किंवा त्याहून अधिक वेळ जातो. या दोहोंची बेरीज केली तर ठिकठिकाणी विखुरलेले तुकडे वेचताना अशी डिस्क सेकंदास सत्तर-ऐंशी मागण्यांपलीकडे जाऊ शकत नाही. सलग लिहिलेला चित्रपट ती सुखाने दाखवते. पण मोठ्या खेळातले एखादे नगर उभे करावयाचे तर भिंतींचे पोत, झाडांचे आकार, पात्रांच्या हालचाली आणि आवाज असे सहस्रावधी तुकडे निरनिराळ्या जागांवरून आणावे लागतात, आणि तेथे तिची दमछाक होते. खेळ लोड होताना पडद्यावर जी रेघ कासवगतीने सरकते, तिचे कारण बव्हंशी हेच आहे.

एसएसडीत फिरणारे काहीच नाही. बेल प्रयोगशाळेतील दावोन कांग आणि सायमन झी या दोघा संशोधकांनी १९६७ मध्ये असा ट्रान्झिस्टर वर्णिला की ज्याच्या उदरात चहूबाजूंनी विद्युत्‌रोधक थराने वेढलेला एक कप्पा असतो; त्या कप्प्यात इलेक्ट्रॉन ढकलले की वीज बंद केल्यावरही ते तेथेच अडकून राहतात, आणि ते आहेत की नाहीत यावरून लिहिलेला अंक ओळखता येतो. या कल्पनेला व्यवहारोपयोगी रूप देण्याचे श्रेय जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्याकडे जाते. त्यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली आणि आज एसएसडीत जी वापरतात तिचा नॅन्ड हा प्रकार १९८७ मध्ये. १९९१ मध्ये, जी कंपनी पुढे सॅनडिस्क या नावाने प्रसिद्ध झाली तिने, फ्लॅशवर आधारलेली २० एमबीची पहिली डिस्क विकली, आणि तिची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. आजच्या एखाद्या खेळाचे एक छायाचित्रही त्या डिस्कवर अवघडून बसले असते.

प्रारंभी एका कप्प्यात एकच अंक ठेवीत. आता विजेच्या भाराच्या सूक्ष्म पायऱ्या मोजून तीन अंक ठेवतात, त्यास टीएलसी म्हणतात, आणि चार ठेवतात तेव्हा क्यूएलसी. अंक जितके अधिक तितकी साठवण स्वस्त. परंतु पायऱ्या एकमेकींस चिकटल्यामुळे लिहिणे सावकाश होते आणि झीजही लवकर होते. शिवाय या स्मृतीस एक विचित्र बंधन आहे: तिच्यात लिहिण्याचे काम लहान पानावर होते, पण पुसावयाचे झाल्यास शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो, आणि एकदा लिहिलेल्या पानावर, ते पुसल्यावाचून, पुन्हा लिहिता येत नाही. यातून मार्ग काढणारी जी चिप एसएसडीवर बसविलेली असते, जिला कंट्रोलर म्हणतात, तिचे काम आपल्याकडील पटवाऱ्याच्या दप्तरासारखे चालते. शेत विकले गेले म्हणून पटवारी जुनी नोंद खरवडून काढीत नाही. तो नवा फेरफार लिहितो, जुनी नोंद रद्द ठरते, आणि आजचा कब्जेदार कोण ते ताज्या नोंदीवरून सांगितले जाते. कंट्रोलरही बदललेला मजकूर कोऱ्या पानावर लिहितो, जुन्या पानावर रद्दचा शेरा मारतो आणि कोणता मजकूर कोठे आहे याची खतावणी सुधारून ठेवतो. रद्द पाने पुष्कळ साचली की उरलेली कामाची पाने दुसरीकडे उतरवून संपूर्ण गठ्ठा पुसून मोकळा करतो. विंडोजने पुसलेल्या फाइलींची वर्दी त्याला वेळेवर मिळावी म्हणून ट्रिम नावाचा हुकूम आहे, आणि विंडोज ७ पासून तो आपोआप दिला जातो. डिस्क काठोकाठ भरली म्हणजे कंट्रोलरला हालचालीस जागा उरत नाही आणि यंत्र मंदावते. सबब दहा-पंधरा टक्के जागा मोकळी राखणे श्रेयस्कर.

पुसण्या-लिहिण्याच्या प्रत्येक खेपेस इलेक्ट्रॉन तो रोधक थर भेदून जातात आणि थराचा किंचित नाश होतो, म्हणून एसएसडीला आयुष्याची मर्यादा आहे. या मर्यादेची धास्ती दुकानांतून वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. १ टीबीच्या बऱ्याच टीएलसी एसएसडींवर कंपन्या ६०० टीबी लेखनाची हमी देतात. एखाद्या हौशी खेळाडूने रोज ५० जीबी लिहिले, आणि तेवढे रोज कोणी लिहीत नाही, तरी वर्षाचे सुमारे १८ टीबी होतात, म्हणजे हमीची मर्यादा गाठावयास तेहतीस वर्षे लागतील. तोवर लॅपटॉपची बिजागरी, बॅटरी आणि कदाचित खेळाची आवडही संपलेली असेल.

आता खोलून पाहण्याकडे वळू. एसएसडीचा बाह्य आकार आणि ती ज्या मार्गाने यंत्राशी बोलते तो मार्ग या दोन भिन्न बाबी असून निम्म्या तक्रारी त्यांच्या घोटाळ्यातून उत्पन्न होतात. जुन्या लॅपटॉपांत अडीच इंची हार्डडिस्कची जागा असते. तेथे साटा पद्धतीची अडीच इंची एसएसडी बसते आणि ती सेकंदास साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते. नव्या लॅपटॉपांत एम.२ नावाची चपटी खाच असते. तिच्यात बसणारी पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब असते, आणि म्हणून तिला २२८० म्हणतात. काही यंत्रांत ४२ मिलिमीटर लांबीचीच जागा ठेवलेली असते. परंतु या एकाच आकाराच्या खाचेतून साटाचाही मार्ग जाऊ शकतो आणि एनव्हीएमईचाही. २०११ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली एनव्हीएमई पद्धती पीसीआय एक्सप्रेस या रुंद रस्त्याचा उपयोग करते. त्या रस्त्याच्या तिसऱ्या पिढीत सेकंदास साधारण ३५०० एमबी आणि चौथ्या पिढीत ७००० एमबीपर्यंत वाचन होते. चौथ्या पिढीची पट्टी तिसऱ्या पिढीच्या खाचेत बसते आणि चालतेही, फक्त तिसऱ्या पिढीच्या वेगाने. खाच केवळ साटाची असेल तर मात्र एनव्हीएमई पट्टी तेथे ओळखलीच जाणार नाही. कित्येक लॅपटॉपांत पहिली खाच वेगवान आणि दुसरी, रिकामी ठेवलेली खाच तुलनेने मंद असते. म्हणून लॅपटॉपचे नेमके मॉडेल पाहून कंपनीच्या पुस्तिकेत दुसऱ्या खाचेची कैफियत वाचल्यावाचून पैसे मोजू नयेत. पट्टीच्या दोन्ही अंगांस चिप असतील तर पातळ लॅपटॉपांत ती बसत नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

वेगाच्या आकड्यांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण जाहिरातींत या आकड्यांचाच जयजयकार चालतो. फिरती हार्डडिस्क काढून कोणतीही एसएसडी घातली की अंतर जमीन-अस्मानाचे पडते. हार्डडिस्कच्या पंधरा मिलिसेकंदांच्या जागी एसएसडीला उत्तर द्यावयास मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो, आणि मिनिटभर रेंगाळणारा खेळ काही सेकंदांत उघडतो. परंतु साटाची एसएसडी आणि सातपट वेगवान एनव्हीएमई एसएसडी यांवर एकच खेळ उघडून पाहिला तर बहुतेक खेळांत फरक सेकंद-दोन सेकंदांचाच आढळतो, कारण आणलेले तुकडे उलगडण्याचे व मांडण्याचे काम प्रोसेसरकडे असते आणि साठवण मोकळी होऊन प्रोसेसरची वाट पाहत बसते. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये हे उलगडण्याचे काम स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवून वेगवान एसएसडीचा पुरा लाभ घेतला गेला. विंडोजवर २०२२ मध्ये डायरेक्टस्टोरेज नावाची तशीच तजवीज आली, पण तिचा वापर करणारे खेळ अद्याप थोडे आहेत. आणि एसएसडी बदलल्याने खेळातील दृश्यांची गती, ज्यास मुले एफपीएस म्हणतात, वाढेल अशी अपेक्षा कोणी करीत असेल तर ती व्यर्थ आहे. ते काम ग्राफिक्स कार्डाचे. साठवण मंद असल्यामुळे मध्येच बसणारे झटके तेवढे थांबतात.

मग सर्वांत वेगवान पट्टी घेण्यात तोटा कोणता? पुण्याच्या वातानुकूलित कचेरीत काहीच नाही. घाटाखाली मात्र आहे, आणि तो उष्णतेचा आहे. लॅपटॉपमधली एनव्हीएमई पट्टी भरवेगाने काम करताना साधारण चार ते आठ वॉट वीज खाते आणि ती सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. आठ वॉट ही रक्कम मोठी वाटत नाही. पण ती नखाएवढ्या कंट्रोलरवर एकवटलेली असते, त्या पट्टीला स्वतःचा पंखा नसतो, आणि शेजारीच प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून शंभर वॉटांहून अधिक उष्णता ओतीत असतात. बहुतेक घरगुती एसएसडींच्या माहितीपत्रकात कामाची मर्यादा ० ते ७० अंश दिलेली असते. कोणतेही यंत्र आजूबाजूच्या हवेहून अमुक अंशांनी अधिक तापते, हवेपेक्षा थंड ते राहू शकत नाही. तेव्हा २५ अंशांच्या खोलीत जी पट्टी ५५ अंशांवर राहते, तीच पट्टी तोच खेळ चालू असता मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या खोलीत सत्तरी ओलांडते. मर्यादेच्या वर गेल्यावर कंट्रोलर स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे ७००० एमबीचे पैसे मोजून आणलेली पट्टी नांदुऱ्याच्या दुपारी त्याच्या निम्म्यानेही चालत नाही, आणि तिच्याहून स्वस्त, तीन-चार वॉटांत भागवणारी, स्वतःची डीरॅम नसलेली पण संगणकाच्या मेमरीतला लहानसा तुकडा उसना घेऊन काम करणारी पट्टी अखंड एकाच चालीने चालत राहते. माझे म्हणणे एवढ्याचसाठी की घाटाखाली राहणाऱ्याने वेगाचा आकडा दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा आणि विजेचा खप पहिल्या. चिखली-बुलढाण्याकडच्यांना थोडी सवलत आहे, पण थोडीच.

उन्हाळ्यात वऱ्हाडी माणसाचा खरा आधार कूलर. कोरड्या हवेत चांगला कूलर खोलीचे तापमान सहज आठ-दहा अंशांनी उतरवतो, आणि तेवढ्याच अंशांनी लॅपटॉपच्या पोटातली पट्टीही निवते. या दृष्टीने बाजारात मिळणाऱ्या दिवेवाल्या कूलिंग पॅडपेक्षा कूलर अधिक उपयोगी आहे. मात्र यंत्र त्याच्या थेट झोतात ठेवू नये. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या बाजूंचे भूगर्भजल खारट. ते कूलरच्या जाळीवर महिन्याभरात पांढरे कवच चढवते, हे सर्वांनी पाहिलेले असते. वाफ होऊन हवेत मिसळलेल्या पाण्यात क्षार येत नाहीत, पण झोताबरोबर उडणाऱ्या तुषारांत येतात, आणि तो तुषार पंख्यावाटे आत गेला की सर्किटवर ओलावा आणि मीठ अशी दोन्ही संकटे एकदम पोहोचतात. चार-पाच हात अंतर आणि तिरकी बाजू, एवढ्याने काम भागते.

दुसरा शत्रू कापूस. कापसाच्या पेठेसाठी १८७० मध्ये जलंबपासून रेल्वेचा फाटा मिळालेल्या खामगावात आणि मलकापुरात जिनिंगच्या हंगामात हवेत जी बारीक रुई तरंगते, ती लॅपटॉपच्या पंख्यात ओढली जाते. खालचे झाकण काढले की पंख्याची पाती स्वच्छ दिसतात आणि माणूस निश्चिंत होतो. पण पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या पातळ पत्र्यांची जी जाळी असते तिच्या आतल्या अंगास, पंखा उचलून पाहिल्यास, राखाडी रंगाची, बोटाने सोलून निघेल अशी चादर बसलेली आढळते. तिने हवेची वाट जवळजवळ बंद केलेली असते. एसएसडी टाकण्यासाठी यंत्र उघडलेच आहे, तर ती चादर काढून घ्यावी. वेगवान पट्टीहून या फुकटच्या कामाने खेळ अधिक सुधारतो असे पुष्कळदा घडते.

प्रत्यक्ष बसवणे दहा मिनिटांचे काम आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. स्क्रू निघतील तसे कागदावर मांडत जावेत, कारण त्यांची लांबी सारखी नसते. झाकण प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवावे. आणि आत पाहताच इतर काही न करता प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. हे न करता काम करणारे कारागीर पाहिले आहेत आणि त्यांचे धाडस मला मुळीच पटत नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून खिडकीच्या गजाला हात लावून घ्यावा आणि नायलॉनचा शर्ट त्या दिवसापुरता टाळावा. पट्टी खाचेत सपाट खुपसावयाची नसते. ती सुमारे तीस अंशांच्या कलाने आत सरकवावी, तिच्या तोंडावरची खूण खाचेतल्या उंचवट्याशी जुळली की ती अलगद शेवटपर्यंत जाते आणि सोनेरी दाते जेमतेम दिसेनासे होतात. सोडली की तिचे मागचे टोक वर उठलेलेच राहते; ते बोटाने दाबून टोकावरच्या अर्धवर्तुळात इवलासा स्क्रू बसवावा. हा स्क्रू पुष्कळदा नव्या पट्टीबरोबर मिळत नाही आणि लॅपटॉपमध्येही कारखान्याने घातलेला नसतो. त्याच्यावाचून चिकटपट्टीने काम भागवलेले यंत्र ग्राहकाने ताब्यात घेऊ नये. पट्टीवर उष्णता खेचणारी मऊ गादी लावावयाची असल्यास ती वरच्या कागदी लेबलासकट लावावी, कारण लेबल फाडले की हमी संपली असे बहुतेक कंपन्या मानतात.

एवढे होऊन यंत्र सुरू केले तरी ‘धिस पीसी’मध्ये नवी डिस्क दिसत नाही, आणि नवी पट्टी खराब निघाली म्हणून मनुष्य दुकानाकडे धावतो. कोऱ्या डिस्कला विंडोज आपण होऊन हात लावीत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती रुजू करून घ्यावी लागते, विचारल्यावर जीपीटी हा पर्याय द्यावा, एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट मारावा, आणि मग ती प्रकट होते. खेळ पुन्हा उतरवून घेण्याची गरज नाही. स्टीमच्या साठवणीच्या सेटिंगमध्ये नवी डिस्क दाखवून खेळ तिकडे हलवता येतात. मोबाइलच्या डेटावर ज्यांचे इंटरनेट अवलंबून आहे, त्यांना शंभर जीबी दुसऱ्यांदा उतरवणे किती महाग पडते हे वेगळे सांगावयास नको.

जुनी पट्टी काढून तिच्या जागी मोठी घालावयाची असल्यास प्रकरण थोडे नाजूक होते. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच साठवण आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो; यंत्रात फेरबदल झाल्यावर ते ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती किल्ली खात्यात लिहिलेली असते. काम सुरू करण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावी. विंडोज नव्याने टाकताना, इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत, बसवलेली पट्टी यादीतच येत नाही. तेव्हा पट्टीला दोष न देता इंटेलचा साठवणीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून पुरवावा.

भावाविषयी दोनच वाक्ये. २०२३ च्या मध्यास फ्लॅश स्मृतीचे दर तळाला गेले होते आणि २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी माल उचलल्यामुळे ते चढले. तेजी-मंदीचा हा खेळ खामगावच्या चांदीच्या पेठेत वाढलेल्यांना नवा नाही. अशा तेजीत, अशक्य वाटावी इतक्या स्वस्त किमतीत २ टीबीची बाहेरून जोडावयाची डिस्क कोणी देऊ करीत असेल तर तिच्या आत बहुधा लहानशी स्मृती असते आणि तिला खोटा आकडा सांगावयास शिकवलेले असते. खऱ्या मर्यादेपलीकडे लिहिलेला मजकूर नाहीसा होतो. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकटचा प्रोग्राम डिस्क संपूर्ण भरून परत वाचतो आणि ही लबाडी उघडी पाडतो. पक्की पावती मात्र कोणत्याही परिस्थितीत घ्यावी, कारण चांगल्या पट्ट्यांना पाच वर्षांची हमी असते आणि पावतीवाचून ती मागता येत नाही.

काढलेली जुनी पट्टी केसिंगमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरण्याची कल्पना उत्तम आहे, पण ती कपाटात टाकून विसरण्याची नव्हे. कप्प्यांतील इलेक्ट्रॉन अडकलेले असले तरी कायमचे कैद नसतात. ते मंदगतीने गळत राहतात आणि उष्णता ही गळती वाढवते. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने घरगुती एसएसडीसाठी घातलेली अट अशी की लेखनाचे आयुष्य पुरे खर्च झालेल्या पट्टीनेही, वीज न मिळता, ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर टिकवला पाहिजे. कमी वापरलेली पट्टी याहून पुष्कळ अधिक टिकवते. तरी पत्र्याच्या छताखालची मलकापुरातली खोली एप्रिल-मेमध्ये ३० अंशांवर राहत नाही, म्हणून दर दोन-चार महिन्यांनी ती जोडून काही वेळ चालू ठेवावी. लग्नातली छायाचित्रे आणि शेताच्या कागदांच्या प्रती यांची एक नक्कल जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरही असू द्यावी. तिचा मजकूर चुंबकीय असल्यामुळे विजेच्या भाराच्या गळतीचा प्रश्न तेथे येत नाही.